मनातले मांडे

मांडे करायचे म्हणजे अंगात कसब लागतं. पीठ मऊसूत भिजवून तिंबायचं, हातावर झेलत झेलत ते पातळ पातळ करत न्यायचं आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या खापरावर अलगद टाकायचं. हात जरा चुकला की सगळं फाटलं. खानदेशात बाया पुरणाचे मांडे अजून असेच करतात. बेळगावकडचे मांडेही नावाजलेले. मुक्ताबाईला खापर मिळू दिलं नाही, म्हणून ज्ञानदेवांनी आपली पाठ तापवून दिली आणि त्या पाठीवर तिनं मांडे भाजले, ही गोष्ट तर शाळेचं तोंड न पाहिलेल्या म्हातारीलाही पाठ असते. पण आपल्या बोलीत मांड्यांवरून जो वाक्प्रचार रुळला, तो ना करण्याचा ना जेवण्याचा. मनात मांडे खाणं! काम टाकून स्वप्नं रंगवत बसलेल्या माणसाला टोमणा मारायचा, तर हा ठरलेला.

पाककृतींची पुस्तकं नुसती वाचणाऱ्या बाईला हाच टोमणा बसतो. "एवढं वाचतीस, आन करतीस काय? पिठलंच की!" अशी बाई प्रत्येक गावात एखादी तरी असते. पुस्तक घेऊन बसते, पानं उलटते, मान डोलावते, पुस्तक मिटते आणि उठून रोजचीच आमटी टाकते. लोकांना वाटतं पुस्तक फुकट गेलं. मला तसं वाटत नाही. आपल्या मुलखात अन्नावर लिहायला लागून नऊशे वर्षं होत आली, आणि त्यातलं बरंचसं लिखाण चुलीपुढं उघडून ठेवण्यासाठी नव्हतंच मुळी.

सोमेश्वर तिसरा हा कल्याणीचा चालुक्य राजा. कल्याणी म्हणजे आजच्या कर्नाटकातलं बसवकल्याण. सोलापूरहून हैदराबादच्या रस्त्याला लागलं की वाटेत त्याचा फाटा लागतो. या राजानं शके १०५१ मध्ये, म्हणजे ११२९ च्या सुमारास, 'मानसोल्लास' नावाचा संस्कृत ग्रंथ लिहिला. त्याचे शंभर अध्याय आहेत, वीस-वीसचे पाच गट. राज्य कसं मिळवावं, कसं टिकवावं हे आधी सांगून झालं की तिसऱ्या गटात राजानं भोगायचे वीस उपभोग येतात. त्यातला एक अन्नभोग. उडदाच्या पिठाची इड्डरिका, धोसक, पुरिका, मंडक म्हणजे आपला मांडा, हे सगळं त्यात आहे. मांसाचे प्रकार तर कितीतरी. शेतातले काळे उंदीर कसे साफ करायचे नि कसे भाजायचे, तेही राजानं सोडलेलं नाही.

आता या राजानं स्वतः कधी चूल फुंकली असेल असं वाटत नाही. आणि मुदपाकखान्यातले आचारी संस्कृत श्लोक समोर धरून फोडणी देत असतील हेही खरं वाटत नाही. मग हे लिहिलं कशासाठी? ग्रंथाच्या नावातच त्याचं उत्तर आहे. मनाला उल्हास व्हावा म्हणून. जेवून झाल्यावर जेवणाबद्दल वाचावं, बोलावं, आणखी एकदा चव घ्यावी, यासाठी.

याच ग्रंथात आणखी एक नोंद आहे. मराठीचे अभ्यासक ती नेहमी सांगतात. महाराष्ट्रात बाया कांडताना ओवी गातात, असं राजा लिहितो. ओवीचा इतका जुना उल्लेख क्वचितच सापडतो. म्हणजे एकाच पुस्तकात राजाचं ताटही आलं आणि उखळापाशी उभ्या असलेल्या बाईचं गाणंही आलं. त्या बाईनं राजाच्या ताटातलं काही कधी चाखलं होतं का, हे लिहायचं कुणाला सुचलं नाही. तिनं कांडलेलं धान्य मात्र ताटापर्यंत गेलंच असणार.

गावाकडं संस्कृत ग्रंथ पोचले नाहीत, पोथ्या पोचल्या. एकनाथांनी १५७१ मध्ये काशीत 'रुक्मिणीस्वयंवर' पुरं केलं. लग्न जमावं म्हणून मुली अजूनही ते वाचतात. त्यात लग्न आहे, आणि लग्न म्हटलं की जेवणावळ आलीच. नाथांनी त्या पंगतीला परमार्थाचा अर्थ दिलाय, पण ऐकणाऱ्या बायकांच्या डोळ्यांपुढं आधी ताटच येतं, अर्थ मागाहून. सप्त्याच्या शेवटी काल्याचं कीर्तन असतं. कोणत्या गड्यानं शिदोरीत काय आणलं, कृष्णानं ते कसं कालवलं, कुणाच्या हातचा घास कसा हिसकावला, हे बुवा रंगवून रंगवून सांगतात. समोर बसलेल्यांनी सकाळी भाकरी-खरडा खाल्लेला असतो आणि संध्याकाळीही तेच खायचं असतं. तरी माणसं ओठांवरून जीभ फिरवत ऐकतात. द्रौपदीच्या थाळीला चिकटलेलं भाजीचं एक पान कृष्णानं खाल्लं आणि दुर्वासासकट सगळ्यांची पोटं तुडुंब भरली, ही कथा ज्यांच्या घरी रोज भाजी नसते त्यांना फार आवडते. ऐकून पोट भरतं हे आम्हाला कुणी पुस्तकातून शिकवलेलं नाही.

तिकडं तंजावरला गेलेल्या मराठ्यांनीही अन्नावर लिहून ठेवलं. सतराव्या शतकात व्यंकोजीराजांच्या काळात रघुनाथ गणेश नवहस्ते या पंडितानं 'भोजनकुतूहल' रचलं. ग्रंथाचं नाव पाहा. पोटाला भूक असते, कुतूहल असतं ते डोक्याला. पुढं दुसऱ्या सरफोजीराजांच्या दरबारात, १७९८ ते १८३२ या काळात, पाकशास्त्रावर मराठीत लिखाण झालं. 'शरभेंद्र पाकशास्त्र' म्हणून ते तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयानं छापलंय. ब्राह्मणी स्वयंपाक, मांसाहारी स्वयंपाक आणि त्यांच्या जोडीला चक्क इंग्रजी पदार्थ. परमुलखातल्या गोऱ्या साहेबाच्या ताटात काय असतं, ते आपल्या भाषेत वाचण्याची हौस त्या दरबाराला होती.

मग छापखाने आले. १८७५ मध्ये रामचंद्र सखाराम गुप्ते यांचं 'सूपशास्त्र' निघालं. मराठीतलं पहिलं छापील पाकशास्त्र म्हणून त्याचं नाव घेतात. १९१० मध्ये मुंबईत लक्ष्मीबाई धुरंधर यांचं 'गृहिणीमित्र' आलं आणि त्याला जोड होती 'एक हजार पाकक्रिया' अशी. हजार! रोज एक नवा पदार्थ करायचा म्हटला तरी हजार दिवस जातात, आणि सणवार, उपास, सोयर-सुतक, पाहुणे हे सगळं मध्ये येणारच. कुठलीही बाई हजार पदार्थ करणार नाही, हे लिहिणारीला कळत नव्हतं थोडंच? पण हजार वाचता येतात. एका पावसाळ्यात वाचून होतात.

ही पुस्तकं शहरातल्या शिकलेल्या घरांसाठी होती. जुन्या पुस्तकांतली मापं शेराची, तोळ्याची. आमच्या माणदेशात माप होतं ते चिपटं, मापटं, शेर, पायली, आणि तेही रास मोजताना. स्वयंपाकाला मूठ, चिमूट, पसा, ओंजळ. १९५८ पासून किलो-ग्रॅम आले तेव्हा दुकानदार तेवढे गोंधळले. बायकांच्या मुठीत काही फरक पडला नाही.

गावच्या उंबऱ्यात पाऊल टाकलं ते 'रुचिरा'नं. कमलाबाई ओगले यांचं हे पुस्तक १९७० मध्ये किर्लोस्कर प्रकाशनानं काढलं. कमलाबाईंचा जन्म १९१३ चा, कुंडलचा. कुंडल आज सांगली जिल्ह्यात आहे, तेव्हा औंध संस्थानात होतं. त्याच्याच शेजारी माळरानावर १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली होती. नांगर तिथं तयार झाले, आणि पुढं 'किर्लोस्कर', 'स्त्री' ही मासिकंही तिथूनच निघाली. कमलाबाईंचं शिक्षण मराठी चौथीपर्यंत. त्यांनी मापं दिली ती वाटी-चमच्याची. वाटी आणि चमचा कुणाच्या घरात नाही? पुस्तकाच्या लाखाहून जास्त प्रती खपल्या. लग्नात नवऱ्यामुलीला आहेर म्हणून ते दिलं जायचं.

आमच्या घरी ते असंच आलं. आत्या मिरजेला दिली होती. तिला आहेरात दोन आल्या, त्यातली एक तिनं माझ्या आईला दिली. आईला अक्षरओळख नव्हती. १९७१ च्या जनगणनेत महाराष्ट्रात शंभर बायकांमागं साधारण सव्वीस जणी साक्षर निघाल्या होत्या, आणि ते शहरं धरून. आमच्या आळीत तर वाचणारी बाई नव्हतीच. मी चौथीत होते, म्हणून पुस्तक वाचायचं काम माझ्याकडं आलं.

ते वर्ष होतं १९७२. पाऊस आदल्या सालीही नीट पडला नव्हता, त्या साली तर पडलाच नाही. विहिरी तळाला गेल्या. जनावरं काहींनी छावणीत नेली, काहींनी बाजार दाखवला. दुष्काळी कामं निघाली. पुढच्या वर्षीच्या मे महिन्यात अशा कामांवर राज्यात जवळजवळ पन्नास लाख माणसं होती. आमच्याकडच्या बाया पाझर तलावावर माती वाहायच्या, रस्त्याला खडी फोडायच्या. कामावर सुकडी मिळायची. रेशनला अमेरिकेतून आलेली तांबडी मिलो. तिची भाकरी थापताना चिरायची, आणि गार झाली की दातांना ऐकायची नाही. हुलग्याचं माडगं हा त्यातल्या त्यात चवीचा पदार्थ.

अशा दिवसांत रात्री जेवणं उरकली की आमच्या ओसरीवर सात-आठ बाया जमायच्या. हातांना खडीनं घट्टे पडलेले. कंदिलाची वात बारीक, कारण रॉकेलही मोजूनच. मी पुस्तक उघडायचे.

"वाच गं पोरी. आज गोडाचं वाच."

मी बासुंदी काढायचे. दूध आटवा, साखर घाला, वेलची, जायफळ.

"जायफळ म्हंजी बाळाला गुटीत उगाळत्यात, त्येच न्हवं?"

"त्येच."

"आन दूध कुठवर आटवायचं म्हनं?"

"निम्मं होईपर्यंत."

"आगं बया! मग निम्म्याचं काय झालं?"

"ग्येलं वाफंवर."

मग हशा. एवढं दूध वाफेवर घालवणारी माणसं जगात आहेत, याचं हसू. त्या वर्षी चहाला दूध नव्हतं. कुणाला वाईट वाटल्याचं मला आठवत नाही. एक म्हातारी डोळे मिटून ऐकायची आणि शेवटी "ब्येस झालीया" म्हणायची, जणू वाटी खाली ठेवतेय. पुरणपोळीची कृती निघाली की मात्र पुस्तकाची खैर नसायची. डाळ अशी नाही शिजवायची, कणीक अशी नाही मळायची, येळवणीच्या आमटीचं काय, असा वाद पेटायचा. जे येत होतं त्यात त्यांना पुस्तक नको होतं. जे कधी मिळणार नव्हतं, ते त्या कान देऊन ऐकायच्या.

या बैठकीची आणखी एक गंमत मला फार उशिरा कळली. त्याच बायका कादंबरी ऐकायला जमल्या असत्या, तर चार दिवसांत कुणाचा तरी नवरा किंवा सासू येऊन उठवून घेऊन गेली असती. बाईच्या हातात पुस्तक म्हणजे कामाची खोटी. पण हे पुस्तक स्वयंपाकाचं होतं! त्याला कोण नाव ठेवणार? सासवांना वाटायचं, सून काही शिकतेय. एकीचा सासरा तर म्हणाला, "ऐकू द्या, हाताला वळण लागंल." वळण कसलं लागतंय! आमच्या आळीत बासुंदी त्या वर्षीही झाली नाही आणि पुढची पाच वर्षंही नाही. पण कुणाची परवानगी न काढता स्वतःच्या आनंदासाठी बसून पुस्तक ऐकायची सवय त्या बायकांना या एका पुस्तकानं लावली. पुढं पुढं मी 'स्त्री'चे जुने अंक वाचून दाखवू लागले, तेव्हा कुणी हरकत घेतली नाही. वाट आधीच पडली होती.

आणि एक. घरात बाई जेवते सगळ्यांच्या शेवटी. पुरुष, पोरं, पाहुणा, मग सासू, मग ती. तिच्या वाट्याला कोरड्यास उरलं तर उरलं, नाहीतर चटणी. पुस्तकातलं ताट मात्र तिच्यापुढं पहिल्यांदा येतं. ते कुणाला वाढायचं नसतं, पुरवून पुरवून वापरायचं नसतं, खरकटं काढायचं नसतं. करून खाण्यापेक्षा वाचण्यात मजा का, असं विचारणाऱ्यानं एकदा शंभर भाकरी थापून बघाव्यात. त्याला आपोआप कळेल.

आईची 'रुचिरा' माझ्याकडं आहे. पुठ्ठा गेलाय, शिवण उसवलीय. तेलाचा डाग शोधून सापडत नाही. गोडाच्या प्रकरणाचे कोपरे मात्र कापडासारखे मऊ झालेत. घरोघरची जुनी पाककृतींची पुस्तकं अशी उघडून पाहावीत. डागावरून कळतं काय शिजलं, मऊ कोपऱ्यांवरून कळतं काय हवं होतं. दुसऱ्या गोष्टीचा इतिहास सहसा कुणी लिहीत नाही.

ओसरीच्या पायरीपाशी एक बाई बसायची. पायरीपाशी, वर नाही. दुष्काळी कामावर सगळ्या जातींच्या बायांनी एका रांगेत पाट्या उचलल्या. मुकादमाच्या हजेरीत नावं एकाखाली एक होती. पण संध्याकाळी घरी आलं की ओसरी ओसरीच होती. ही बाई बौद्धवस्तीतली. खडीच्या ढिगावर आईची जोडीदारीण, म्हणून ऐकायला यायची. एकदा तिनं हसत हसत विचारलं, "बघ की गं, आमचं काय हाय का त्यात?"

मी अनुक्रमणिका काढली. "काय बघू?"

"चान्या बघ."

चान्या म्हणजे मांसाच्या लांब पट्ट्या कापून उन्हात वाळवतात त्या. मी च च्या ओळीवर बोट फिरवलं. चकली होती, चटण्या होत्या. ओसरीवर कुणी बोललं नाही. मग एकजण म्हणाली, "म्होरलं वाच." मी पुढचं वाचलं. त्या बाईनंही ऐकलं. दुसऱ्या दिवशीही ती आली, पण तिनं पुन्हा काही विचारलं नाही.

सोमेश्वरापासून 'रुचिरा'पर्यंत पुस्तकं पुष्कळ झाली, पण त्या पायरीवरचं अन्न त्यांच्यात नव्हतं. ते पुस्तकात यायला २०१५ उजाडावं लागलं. त्या वर्षी शाहू पाटोळे यांचं 'अन्न हे अपूर्णब्रह्म' प्रसिद्ध झालं. मराठवाड्यातल्या महार आणि मांग समाजांच्या घरांत काय शिजत होतं, कसं शिजत होतं आणि तेच का शिजत होतं, हे त्यांनी लिहिलं. तेल-तूप-दूध नसलेला स्वयंपाक, वाट्याला आलेल्या मांसाचा कणही वाया न घालवणारा. अन्नाला पूर्णब्रह्म म्हणणाऱ्यांना या नावातच उत्तर आहे. चान्या त्यात आहेत.

हे पुस्तकसुद्धा करून बघण्यासाठी नाही. मेलेल्या जनावराचं मांस खाणं सोडा, असं बाबासाहेबांनी १९२७ मध्ये महाडला सांगितलं आणि लोकांनी ते हळूहळू सोडलं. तो वाटा, ती गावकी, ते हक्क-मान सगळं मोडलं, आणि मोडलं ते बरंच झालं. त्यात २०१५ च्याच मार्चमध्ये बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही राज्यात बंदी आली. म्हणजे त्यातल्या काही कृती आता कायद्यानंच नुसत्या वाचायच्या उरल्या. 'मानसोल्लास'ही आज नुसता वाचायचा आणि हाही वाचायचाच, पण दोन्हींत फरक आहे. राजानं लिहिलं ते भोगलेलं पुन्हा चाखावं म्हणून. पाटोळ्यांनी लिहिलं ते सोसलेलं विसरलं जाऊ नये म्हणून.

पायरीवरची ती बाई २०१५ पर्यंत राहिली नाही. तिचा नातू तालुक्याच्या शाळेत मास्तर आहे. मागं त्याच्या घरी गेले तेव्हा हे पुस्तक दिसलं. मी विचारलं, "यातलं काही करता का?" त्याची बायको हसली, म्हणाली, "न्हाई बाई. ह्ये वाचत्यात नुसतं." तिच्या स्वयंपाकघरात फळीवर 'रुचिरा'ची नवी आवृत्ती होती, हळदीच्या बोटांचे ठसे उमटलेली. पाटोळ्यांचं पुस्तक बाहेरच्या खोलीत, काचेच्या कपाटात, बाबासाहेबांच्या ग्रंथांच्या ओळीत ठेवलेलं होतं.